आमच्या ह्यांच्या हातून पडणारे

पेन्शन घेणारी, चार लोकांत मान असलेली माणसं आमच्या अंगणात धडाधड पडायची, आणि मी आत त्यांच्यासाठी पोहे परतायची. असा संताप यायचा की कढई घेऊन बाहेर जावं आणि एकेकाच्या टाळक्यात हाणावी. तरी पोह्यांवर शेव मीच घालायची, कारण घरी आलेल्याला उपाशी धाडायची रीत आमच्यात नाही.

पाडणारे आमचे हे. देवासच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. नोकरीत असताना नवी मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला आणि बरेच महिने गेस्टहाउसात राहिला. रोज सकाळी तो मागच्या मैदानात हळूहळू हातपाय हलवत असायचा. ह्यांना आधी वाटलं, बिचाऱ्याच्या पोटात वायू धरलाय. मग कळलं, ही ताई ची, चिनी लोकांची सावकाश करायची विद्या. ह्यांना नाद लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून बडबड झाली नाही आणि शिकणं खरं झालं. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि दुसऱ्याचा तोल काढायचा. ज्याचा पाय हलला त्यानं चहा करायचा, एवढाच नियम. ह्यांनी तेव्हा इतका चहा केला की घरी मी चहा म्हटलं तरी कावायचे.

विद्येवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. रिटायर झाल्यावर स्कूटर घसरून ह्यांच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा ह्या बाजूवर पडलात तर चालणं विसरा. ह्यांना परत चालतं केलं ते ताई चीनंच. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर न्यायचा, इतका सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. मनगट टेकवायला तेव्हा दुसरं कोण होतं? मीच. ह्यांचा भार कुठून कुठे जातो ते मला माझ्या अंगासारखं पाठ झालं. चहाचा नियम घरीही तोच, आणि मी हरले की मीच करायची.

काठी सुटल्यावर लोक विचारायला लागले, मग शिकायला यायला लागले. झाडाभोवती गोल चालायचा एक प्रकार असतो, त्याला बागुआ म्हणतात. हे आमच्या कडुलिंबाला फेऱ्या घालताना पाहून समोरची मालवी मावशी म्हणाली, "क्यों भाभी, अब वट सावित्री भाईसाब करते हैं क्या?" मीही पोट धरून हसले. तोवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते एका गुरुपौर्णिमेला. शिकणाऱ्यांत एक रिटायर बँक मॅनेजर होते. आजोबा संस्थानात कारभारी, त्यामुळे मानपान हाडात मुरलेला. हार घालून, पाया पडून ते ह्यांच्यासमोर उभे राहिले. ह्यांनी मनगट टेकवून जरासा दाब दिला. तेवढ्यानं कोंबडी हलली नसती, आणि साहेब मागे धडपडत जाऊन बदकन बसले. का, तर गुरूच्या हातून, तेही गुरुपौर्णिमेला, आपण हललो नाही तर गुरूचा अपमान! संस्कार हो, दुसरं काय! एक पडल्यावर बाकीचे उभे कसे राहतील? एकानं आहेर केला की सगळ्यांना करावा लागतो, तसं एकामागून एक सगळे पडले.

"उगाच पडू नका हो," हे सुरुवातीला म्हणायचे. पुढे म्हणेनासे झाले. मग ह्यांनी लांबून नुसता तळहात पुढे केला तरी माणसं कोलमडायला लागली. त्याला म्हणे 'ची' लागते, म्हणजे आतली शक्ती. मी जेवताना म्हटलं, "अहो, ते मुद्दाम पडतात." हे म्हणाले, "तुला त्यातलं काही कळत नाही." ज्या माणसानं जन्मभर नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगितला, त्याला समोरची खोट ऐकू येईना. मेल्यांनी ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं.

मॅनेजरसाहेब मोबाइलवर वाचून यायचे आणि गाण्यातल्यासारखी घराणी सांगायचे. चेन घराणं जुनं, यांग त्यातून निघालं, शिंग-यी म्हणजे सरळ समोर घुसणारी मूठ. वाचावं की, माझं काय जातं! पण ह्यांच्या वाढदिवसाला त्यांनी फ्लेक्स करून आणला. वरपासून लांब दाढ्यांचे चिनी उस्ताद, आणि शेवटी हार घातलेले आमचे हे. ज्यानं शिकवलं तो इंजिनिअर कुठेच नाही. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "वहिनी, त्यांचा तसा फोटो मिळाला नाही." म्हणजे त्याला दाढी नव्हती! आणि हे शेजारी उभे राहून गप्प बसले, ह्याचा मला जास्त राग आला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पोहे परतत राहिले असते. पण साहेबांच्या भाच्याचा धारला आखाडा. नागपंचमीला तिथे कुस्त्या, आणि त्यात आमच्या ह्यांचं प्रात्यक्षिक ठरलं. समोर खराखुरा पैलवान. ह्यांनी चिनी गळ्याचा पांढरा सदरासुद्धा शिवायला टाकला. माझ्या डोळ्यांपुढे ती सळई यायला लागली.

मी साहेबांना फाटकापाशी गाठलं. "पैलवानाला सांगितलंय का, पडायचं म्हणून?"

"त्याला सांगायची काय गरज, वहिनी?"

"मग तुम्ही का पडता?"

"मी कुठे पडतो? मला पाडलं जातं."

थट्टा नव्हती हो. त्या माणसाचा खरंच विश्वास बसला होता.

त्या रविवारी वर्ग भरल्यावर मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि अंगणात उतरले. "माझ्यावर करा," म्हटलं. सगळे हसले. ह्यांनी लांबून तळहात पुढे केला. मी उभी. परत केला. मी उभीच.

एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वहिनी, विरोध करू नका, मन मोकळं सोडा."

"तुमचं तुम्ही सोडा, बाई," म्हटलं.

मग ह्यांनी मनगट टेकवलं. हात गरम होता, आणि नवशिक्यासारखा ताठ. सगळ्यांसमोर लाज जाईल ह्या भीतीनं ह्यांनी खांदा घालून रेटलं. मी कंबर जराशी फिरवली. समोर आधार उरला नाही तसे हे पुढे झोकांडले, तेही त्याच उजव्या बाजूवर. मी दोन्ही हातांनी ह्यांना कंबरेला धरलं. सगळा भार माझ्यावर आला होता.

मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "वहिनींच्या मनात निगेटिव्ह आहे, त्यानं ची परत फिरली."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी तोंड उघडणार तेवढ्यात हे आत गेले. स्वयंपाकघरातून लायटरची खटखट ऐकू आली. थोड्या वेळानं चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. लोकांना काही कळलं नाही, मला कळलं.

मग हे साहेबांना म्हणाले, "इथे उभे राहा. तुम्हाला माझी शपथ आहे, पडू नका."

साहेब हात जोडून उभे राहिले. चहाच्या वाफेनं ह्यांचा चष्मा धुरकटला होता. तो काढायला ह्यांनी हात वर केला, आणि साहेब उताणे पडले.

ह्यांनी चष्मा पुसला आणि त्यांच्याकडे पाहिलं. इतकं हरलेलं तोंड मी हाड मोडल्यावरही पाहिलं नव्हतं. "उठा," म्हणाले. "धारला कोणी जाणार नाही."

माणसं हळूहळू यायची थांबली. साहेबांनी इंदूरला दुसरे गुरू शोधले म्हणे. पडोत तिकडे. फ्लेक्स मी पावसाळ्यात स्कूटरवर टाकते.

पण ह्यांनी मनगट टेकवणंच सोडलं. एकटेच कडुलिंबाभोवती फिरायचे. मी बोलावलं तरी "नको" म्हणायचे. मग परवा सकाळी स्वतःहून म्हणाले, "ये."

मी गेले. हात पूर्वीसारखा हलका होता, कुठे जोर आहे ते कळेना, आणि माझी टाच उचलली जाऊन पाय मागे गेला. झकास काढला होता तोल. हे मात्र हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"खरंच हललीस?" म्हणाले. "की..."

असा राग आला मला त्या सगळ्या पडणाऱ्यांचा! खोटं पडून पडून मेल्यांनी ह्यांचं खरं जिंकणंसुद्धा नासवून ठेवलं होतं.

"इतकी वर्षं संसार केला," मी म्हटलं, "तुमच्यासाठी कधी एकदा तरी खोटं पडल्येय का मी?"

हे खरोखर आठवून बघत होते.

"नाही," म्हणाले.

"मग झालं तर," म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.