शिळफाट्याची कोंबडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. जिला सांगायचं ती आता उरली नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. खालापूरजवळच्या आमच्या वस्तीत त्या पावसाळ्यात एक भंतेजी वर्षावासाचे तीन महिने राहिले. रोज एका घरानं त्यांना दुपारच्या आत जेवण द्यायचं. सगळीकडे आमटी-भात. माझ्या पाळीला मला काही वेगळं करायचं होतं — म्हणजे वस्तीनं नाव काढावं असं. कोंबडी मीच कापली.

नियम ठाऊक होता. वाढलेलं मटण भंतेजी खात, पण त्यांच्यासाठी म्हणून जीव मारलेला चालत नसे. वाढल्यावर त्यांनी विचारलंच, ही कुठली म्हणून. काय सांगणार? मुंगसानं मारली म्हणावं, तर मेलेलं खाणं आम्ही केव्हाच सोडलेलं. मी म्हटलं, शिळफाट्याच्या बाजारातून कापलेली आणली.

माझी धाकटी जाऊ इंदू दारात उभी होती. विधवा बाई, भिंतीपलीकडे तिची चूल. ते तीन महिने मटण-मासळीला शिवणार नाही, असा नेम तिनं विहारात सगळ्यांदेखत धरलेला. ती हळूच म्हणाली, “बाय, शिळफाट्याला आज कोण गेलंच नाय. मागं पिसं पडलीत ती कोनाची?”

गप्प बसता आलं नसतं का मला? पण वस्तीतली चार माणसं बसलेली —

“तुझीच की गं,” मी म्हटलं. “सकाळी तूच कापलीस. चोरून खातेस, वर मला विचारतेस?”

भंतेजींनी दोघींकडे पाहिलं. मी थोरली, घरात माझा शब्द. त्यांनी तो मानला. ते जेवले.

पुढं इंदू विहारात आली की बायका सरकून बसत. एकीनं तिचं नाव कोंबडीचोर पाडलं, ते टिकलं. मग ती यायचीच बंद झाली. वीस वर्षं एका भिंतीला दोन चुली — तिनं मला कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही. भ्याले म्हणू? भ्याले नव्हते. सोयीचं होतं. ती गेली तेव्हा रडले, तेही चारचौघांत.

त्या पावसाळ्यात तिनं तिचे तीन महिने पुरे केले. भिंतीपलीकडून रोज नुसत्या पालेभाजीचा वास यायचा.

आणि त्या दुपारी, भंतेजी गेल्यावर, उरलेला रस्सा मी बसून खाल्ला. चांगला झाला होता.