बाकं, सतरंज्या आणि पितळी प्याला

दुपारची लाईट जाते, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबतो आणि तबीथाबाई साळवे नुसत्या फरशीवर आडवी होते. उद्या उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. आज संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना आहे, त्यासाठी पांढरी साडी घडी करून खुर्चीवर काढून ठेवली आहे. मिशन कंपाउंडात चिटपाखरू नाही. उन्हानं लिंबाचं झाडसुद्धा गप्प आहे. फरशीचा गारवा पाठीला लागतो, पापण्या जड होतात, आणि नीट डोळा लागायच्या आतच दारात कुणीतरी चपला काढतं.

काढून झाल्यावर त्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवतं.

अशा चपला उभ्या ठेवणारा माणूस सगळ्या कंपाउंडात एकच होता, तबीथाबाईचा नवरा शांतवनराव. आणि त्याला कबरस्तानात पोचवून आल्याला आता दुसरा उन्हाळा आहे.

"अहो, जेवलात का?" ती विचारते.

मेलेल्या माणसाला विचारायचा हा काय प्रश्न झाला! पण जन्मभर जो विचारला तोच आधी तोंडात येणार.

"जेवण हाये तिथं," शांतवनराव म्हणतात. "तू पाणी दे."

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की हा नवराबायकोचाच मामला आहे. या गावची मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, पूर्वी एक होती आणि चर्चमध्ये सगळे सतरंजीवर बसत. मग शहरातून कुणीतरी बाकं देऊ केली. काहीजण म्हणाले, बाकं घ्या, म्हाताऱ्यांचे गुडघे देवाला दिसत नाहीत का? शांतवनराव म्हणाले, देवापुढं जमिनीवरच बसायचं, आपले आजे-पणजे तसेच बसले. शब्दानं शब्द वाढला आणि एका मंडळीच्या दोन झाल्या. बाकवाल्यांचे पुढारी कोण, तर शांतवनरावांच्या थोरल्या बहिणीचे, हन्नाआक्काचे यजमान, याकोबदाजी. वाटणीत प्रभुभोजनाची जोडीसुद्धा फुटली. भाकरीचं पितळी ताट दाजींनी नेलं, द्राक्षारसाचा पितळी प्याला शांतवनरावांनी. समोरच्यानं आपला भाग परत दिल्याशिवाय आपल्याकडचा वापरायचा नाही, असा हट्ट दोघांनीही धरला. तेव्हापासून दोन्ही मंडळ्या स्टीलच्या भांड्यांत प्रभुभोजन घेतात, आणि ताट नि प्याला दोन घरांच्या पेट्यांत काळे पडताहेत. मजा म्हणजे आता सतरंजीवाल्यांचेही गुडघे गेले आहेत. निम्मी मंडळी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसते, पण हे मोठ्यानं कुणी बोलत नाही.

याकोबदाजी आधी गेले, मागून शांतवनराव. जाताना त्यांनी बायकोचा हात धरून शब्द घेतला, की प्याला आक्काच्या उंबऱ्याआत जाता कामा नये. त्यांनी डोळे मिटले आणि तो शब्द तबीथाबाईच्या गळ्यात पडला. गल्लीच्या पलीकडे हन्नावन्सं एकट्या, अलीकडे ही एकटी. नुसतं बोलायला जावं, तर वन्सं पहिला विषय प्याल्याचाच काढणार, आणि मग उत्तर काय द्यायचं? म्हणून दोघी तिन्हीसांजेला आपापल्या दारात बसतात, समोर दिवा लागला का बघतात आणि आत जातात. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, अशातली गत. कधीकधी तबीथाबाई दिवसभरात एक शब्दही बोललेली नसते. मग ती भांड्यांशी बोलते.

आणि आज बोलायला माणूस आला आहे, म्हणून ती लगबगीनं माठाकडे वळते.

माठ जुन्या चर्चमध्ये वेदीपाशी ठेवलेला आहे. त्याचं तिला काही वाटत नाही. डाव्या हाताला बाकं, उजव्या हाताला सतरंज्या, मधे पायवाटेएवढी जागा, आणि माणूस एकही नाही. ती स्टीलचा पेला बुडवते.

"त्यात नको," शांतवनराव मागून म्हणतात. "प्याल्यात दे."

"कुठल्या प्याल्यात?"

"येड पांघरून पेडगावला निघालीस व्हय?"

ती हसते. किती दिवसांनी हे बोलणं ऐकलं! हसता हसता ती खाली वाकते, कारण वेदीच्या जागी आता घरातली पेटी आहे. झाकण उचलते तर आत वाळलेलं गवत दिसतं. गवत पायांना टोचतं, ऊन डोक्यावर येतं. ती कबरस्तानात उभी आहे, आणि शांतवनराव आपल्या कबरीवर अंगणातल्या बाजेवर बसावं तसे आरामात बसले आहेत. शेजारची कबर याकोबदाजींची आहे.

"दाजी अगदी शेजारीच?" ती हळूच विचारते.

"कबरस्तान एकच हाये ना. दुसऱ्याला जागा गावली असती तर तेबी फोडलं असतं आपण."

"बोलता का मग?"

"आधी तोंड फिरवून पडलो होतो. पण कूस बदलायला जागा पाहिजे ना!"

तबीथाबाई त्यांच्याजवळ बसते. जे विचारावंसं वाटतं ते विचारायला तिला लाज वाटते, पण पुन्हा संधी कुठली?

"अहो, तिथं बाकं हायेत का सतरंज्या?"

 शांतवनराव आपल्या पायांकडे बघतात. पाय स्वच्छ आहेत, टाचांच्या भेगासुद्धा भरून आल्या आहेत.

"मी बघितलंच न्हाई," ते म्हणतात. "गेल्या गेल्या पाय धुतात तिथं. मान खाली घालून बसलो होतो. कोण धुतंय ते वर बघायची हिंमत झाली न्हाई. हात तेवढे दिसले."

"कसे होते?"

"जखमा होत्या गं हाताला."

 लांब कुठंतरी कोंबडी ओरडते आणि थांबते.

"आणि घंगाळात माझ्या पायांशेजारी आणखी दोन पाय," शांतवनराव म्हणतात. "दाजींचे. पाणी एकच. मग कुठलं बाक आन् कुठली सतरंजी घेऊन बसतेस?"

इतका वेळ तबीथाबाई नवरा भेटला म्हणून सुखात होती. आता मात्र तिचा राग उसळून येतो.

"तुम्ही सुटलात," ती म्हणते. "मला बांधून ठेवलंत. तुमचे दोघांचे पाय एका घंगाळात, आणि आम्ही दोघी हितं गल्लीच्या दोन बाजूंना! रोज वन्संचा दिवा लागेस्तोवर जीव तुटतो माझा. एखाद् दिवशी लागला न्हाई तर मी काय करू? तुम्हाला दिलेला शब्द घेऊन बसू? परत घ्या तो!"

"त्यासाठीच आलो."

"मग घ्या."

"हात पुढं कर."

ती हात पुढं करते. हातात प्याला आहे, पेटीतल्यासारखाच काळाकुट्ट. शांतवनराव त्याच्या काठावर अंगठा दाबून एकदा फिरवतात. प्रभुभोजनाआधी ते नेहमी असंच करत. फडक्यानं पुसलेल्या प्याल्यावरून आणखी एकदा अंगठा फिरवल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

"झालं," ते म्हणतात. "सुटलीस."

"तुम्हीबी चला की."

"आम्ही पोचलोय. तुम्ही दोघीच राहिल्यात."

खडखड करत पंखा सुरू होतो. लाईट आली आहे. तबीथाबाई फरशीवर उठून बसते. दारात चपला नाहीत, भिंतीपाशी काही नाही, आणि घर पहिल्याइतकंच रिकामं आहे. तिला हुंदका येतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ती स्वतःला बजावते. बाई, तुलाच जायचं होतं समोर, म्हणून तूच नवऱ्याच्या तोंडून वदवून घेतलंस.

तरीही ती पेटीपाशी जाते. प्याला जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेला आहे. गाठ शांतवनरावांच्या हातची, दाव्याला मारतात तशी. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही. सोडवायला तिला शेवटी दात लावावे लागतात.

प्याला काळाकुट्ट आहे. फक्त काठावर एका ठिकाणी, अंगठ्याएवढ्या जागेत, पितळ सोन्यासारखं पिवळं दिसतं.

ती आपले अंगठे बघते. दोन्ही स्वच्छ आहेत.

मग ती चपला घालायचीही थांबत नाही. तापलेल्या गल्लीतून अनवाणीच जाते आणि पलीकडच्या दाराची कडी वाजवते. हन्नावन्सं दार उघडतात. केवढ्या थकल्या आहेत! हे गल्लीपलीकडून कधी कळलं नव्हतं. त्या तिच्याकडे बघतात, तिच्या हाताकडे बघतात.

"वन्सं," तबीथाबाई म्हणते, "चिंच हाये का घरात?"

वन्सं मागं वळतात. भिंतीला धरून आत जातात. आतून पेटीचं झाकण वाजतं, मग डबा उघडल्याचा आवाज येतो. परत येतात तेव्हा एका हातात काळं पडलेलं ताट असतं आणि दुसऱ्या हातात चिंचेचा गोळा.

"आत ये आधी," त्या म्हणतात. "पाय भाजत असतील तुझे."

तबीथाबाई प्याला घेऊन उंबरा ओलांडते. दोघी मोरीपाशी बसतात. वन्सं ताट घासायला घेतात.

"संध्याकाळी कुठल्या चर्चात जायचं गं हे घेऊन?"

"ते बघू मग. हे काळं आधी निघू तरी द्या."

तबीथाबाई चिंच प्याल्याला लावते आणि थांबते. सगळा प्याला उजळला, की ती खूण कुठली ओळखू येणार? नवऱ्याचं एवढंच तर तिच्यापाशी उरलं आहे. ती त्या पिवळ्या जागेवर आपला अंगठा ठेवते. तो बरोबर बसतो. डोळ्यांतलं पाणी प्याल्यात पडतं.

"रडती कशाला?" वन्सं म्हणतात, आणि त्यांचाही आवाज धड नसतो. "घास."

ती अंगठा उचलते आणि त्या खुणेपासूनच घासायला सुरुवात करते.