हॉकीमावशीचं हरण्याचं वर्ष

लाँड्रीत तिला सगळे हॉकीमावशी म्हणत. हे नाव बहुतेक धुलाईच्या यंत्रावरच्या त्या गप्पिष्ट माणसानं ठेवलं असावं, कारण लोकांना नाव ठेवणं आणि नावं ठेवणं ही दोन्ही कामं तो सारख्याच आवडीनं करायचा.

मावशीचं काम इस्त्रीचं. चोवीस वर्षं ती एकाच फळीपाशी उभी होती. इस्त्रीच्या खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या बाजूला, वाफ बाहेर जावी म्हणून बारा महिने सताड उघडी. खिडकीबाहेर एक अरुंद बोळ, बोळापलीकडे जाळीचं कुंपण आणि कुंपणाच्या आत शहराच्या महिला हॉकी संघाचं सरावाचं मैदान.

सुरुवातीला तिला कळायचंच नाही, की एवढ्या थोराड पोरी एवढ्याशा चेंडूमागं कंबर वाकवून का धावतात. पण आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ हे हातांना पाठ झालं आणि डोळे मोकळे राहू लागले. दोन वर्षांत तिला समजायला लागलं, कोण चेंडू देणार आहे आणि कोण नुसतं देण्याचं नाटक करतंय. तिसऱ्या वर्षी एका रविवारी ती सामना बघायला गेली. गेली ती गेलीच. त्यानंतर घरच्या मैदानावरचे तिचे सामने चुकले ते फक्त दोन, एक सासूबाई गेल्या तेव्हा आणि एक स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला.

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता, गुडघ्यानं दगा दिल्यावर घरी बसला. तो म्हणायचा, "एखादा माणूस असता तर त्याच्याशी भांडलो तरी असतो. मैदानाशी काय भांडू?"

संघ एके काळी चांगला होता. मग जरा चमकलेली खेळाडू की मोठ्या संघानं उचलली, असं सुरू झालं. तिच्या जागी कोवळी पोरगी उभी करायची, तिनं चार चुका केल्या की बाकावर बसवायची, पुढच्या वर्षी ती दिसायचीही नाही. खिडकीतून मावशीनं अशा किती पोरी येताना आणि जाताना पाहिल्या. चौदाव्या वर्षी त्या हसत यायच्या आणि विसाव्या वर्षी बॅग खांद्याला लावून मान खाली घालून जायच्या.

यावर तिचं ठाम मत होतं आणि ते ऐकून घ्यायला कुणी मिळालं की ती इस्त्री उभी करून ठेवायची. "आपल्याकडे नवी पोर आली की तिच्या हातात आधी काय देतो आपण? चादरी. सहा महिन्यांनी शर्ट. वर्षानं चुणीदार झगा. रेशमाला तर दोन वर्षं हात लावू देत नाही. आणि ही मंडळी काय करतात? पहिल्याच दिवशी रेशीम देतात आणि जळलं की पोरीलाच हाकलतात!"

"मग त्यांना सांग ना," धुलाईवाला म्हणाला. "मला सांगून माझ्या यंत्राचं मन थोडंच वळणार आहे?"

तिनं सांगितलं. दर वर्षी मोसम संपला की ती क्लबला एक पत्र लिहायची. दोन पानी, शुद्धलेखन नवऱ्याकडून तपासून. पोरींना वेळ द्या, प्रत्येक नवीबरोबर एक जुनी खेळवा, चुकली म्हणून लगेच बाहेर काढू नका. बारा पत्रांना मिळून एक उत्तर आलं, तेही छापील.

पत्रांच्या तेराव्या वर्षी मात्र लाँड्रीच्या काउंटरवर एक उंच बाई येऊन उभी राहिली. मावशीनं तिला बघताक्षणी ओळखलं. पूर्वी मधल्या फळीत खेळायची, चेंडू अडवल्यावर क्षणभर थांबून मान वर करायची, ती. आता नवी कोच झाली होती.

"मावशी, तुमची पत्रं कपाटात सापडली," कोचबाई म्हणाल्या. "सगळी वाचली."

"सगळी?" मावशीला एकदम लाज वाटली. "नंतरच्यांत तेच तेच आहे हो."

"तेच तेच लिहावं लागतं." कोचबाई हसल्या, पण थकलेलं हसल्या. "यंदा पाच जुन्या सोडून गेल्यात. मला पाच नव्या खेळवाव्याच लागणार, माझ्या मनात असो नसो. तुम्ही म्हणता तसं करणार आहे. चुकल्या तरी काढणार नाही. पण आपण हरणार, मावशी. खूप हरणार. याल ना तरीही?"

"न यायला काय झालं?" मावशी म्हणाली.

पाचजणींत एक उजवी फुलबॅक होती. एकोणीस वर्षांची, हडकुळी, लांब पायांची. सगळे तिला काडी म्हणत. मावशी तिला चौदाव्या वर्षापासून बघत आली होती. सराव संपल्यावर सगळ्या पाणी प्यायला पळायच्या तेव्हा ही एकटी कुंपणाशी चेंडू मारत राहायची. एकदा तो जाळीवरून उडून बोळात पडला, तेव्हा मावशीनं खिडकीतून ओरडून तो कुठं आहे ते दाखवलं होतं. "थँक्यू मावशी!" एवढंच काय ते दोघींचं बोलणं.

मोसम सुरू झाला आणि कोचबाईंचा शब्द खरा ठरला. पहिला सामना पाच शून्य. दुसरा चार एक. तिसऱ्याला पाऊण तास बरोबरी होती, तेव्हा मावशीनं शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता. शेवटी तीन गोल खाल्ले आणि तिनं तो हात परत केला.

सुरुवातीला माणसं सांभाळून घेत होती. पाचव्या पराभवानंतर बाकं रिकामी दिसायला लागली. सहाव्यानंतर लाँड्रीचे मालकही म्हणाले, "काय मावशी, तुमच्या पोरींनी यंदा शपथ घेतलीय का?"

मावशी समजावून सांगायची. पोरींना पाय आहेत, वेग आहे, पण मैदानात बोलणारं कुणी नाही. चेंडू आला की घाबरून कुठंतरी फटकावतात आणि मग तोच परत अंगावर येतो. अजून वर्षभर द्या. हे सांगता सांगता तिचा आवाज स्वतःलाच कंटाळवाणा वाटायला लागला होता. दिवसभर उभं राहून पिंढऱ्यांच्या शिरा तटतटायच्या. त्यासाठी डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले होते. रविवारी ते चढवतानाच दहा मिनिटं जायची, आणि पलंगाच्या कडेवर बसून मोजा ओढताना तिच्या मनात यायचं, कशासाठी चाललंय हे?

"नको जाऊस आज," नवरा म्हणायचा.

"जाते. नाहीतर दिवसभर इथं बसून तुमचं तोंड बघू?"

नववा सामना तळाच्याच दुसऱ्या संघाशी होता. हा एक तरी जिंकता येईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. आणि खरंच, आपल्या पोरींनी पहिल्या अर्ध्यात गोल केला. मावशी उठून इतकी ओरडली, की मागच्या म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवला. मग उरलेला सगळा वेळ तो एक गोल सांभाळण्यात गेला. शेवटची चार मिनिटं राहिली.

चेंडू काडीकडे आला. सरळ साइडलाइनबाहेर मारायचा होता. लहान मुलानंही तेच केलं असतं. पण काडीनं मान वर केली, समोरचीला हूल दिली आणि चेंडू घेऊन आत वळली. दुसरीनं तो काढून घेतला. काडीनं घाईत तिच्या पायात स्टिक घातली. पेनल्टी कॉर्नर. गोल. आणि बरोबरीच्या धक्क्यातून पोरी सावरतात न सावरतात तोच त्याच बाजूनं दुसरा गोल.

मावशी ताडकन उभी राहिली. चोवीस वर्षांचा शीण एकदम तोंडातून बाहेर पडला.

"काढा त्या काडीला बाहेर! अहो काढा! हिच्याऐवजी माझी इस्त्रीची फळी उभी करा, ती निदान जागची हलणार तरी नाही!"

माणसं खो खो हसली. मागून कुणीतरी "फळी! फळी!" असं ओरडायला लागलं आणि बघता बघता दहा-पंधरा जणांनी ते उचललं. सामना संपेपर्यंत ते चाललं होतं.

पुढच्याच बाकावर निळ्या गणवेशातली एक बाई बसली होती. ती हसली नाही, की तिनं वळूनही बघितलं नाही. शिट्टी झाल्यावर काडी कठड्याशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. त्या बाईकडे बघून ती म्हणाली, "आई, चल ना."

बाईनं पर्स उचलली आणि मावशीच्या पायांकडे बघत, धक्का लागू नये अशा बेतानं बाजूनं निघून गेली.

घरी आल्यावर मावशीनं मोजे काढले नाहीत, तशीच खुर्चीत बसून राहिली.

"हरल्या?" नवऱ्यानं विचारलं.

"हो."

"मग रोजचंच आहे की."

"मी ओरडले त्या पोरीवर. तिच्या आईच्या कानाशी." तिनं सगळं सांगितलं. "बारा वर्षं मी काय लिहीत होते हो?"

नवऱ्यानं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाला, "लिहिताना समोर पोरगी नसते. दमलेलं माणूस बोलतं कधीकधी."

"तिला काय माहीत, मी दमलेय ते?"

सोमवारी सरावाला काडी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी मावशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कुंपणाशी गेली.

"येत नाही म्हणते," कोचबाई म्हणाल्या. "तुमच्या एकटीमुळे नाही, मावशी. मान वर करून बघायला मीच शिकवलं होतं तिला. कधी करायचं नाही, ते शिकवायचं राहिलं."

"आई कुठं असते तिची?"

"मोठ्या इस्पितळात. लिफ्ट चालवते."

शुक्रवारी मावशीनं अर्धी रजा घेतली. इस्पितळात दोन लिफ्ट होत्या. ती डावीकडच्या रांगेत उभी राहिली, दार उघडलं, तर आत स्टुलावर तीच निळ्या गणवेशातली बाई.

"कुठला मजला?" बाईनं बटणांकडे बघत विचारलं.

"कुठलाच नाही," मावशी म्हणाली. "तुमच्याकडेच आले होते. त्या दिवशी मागं बसून ओरडणारी मीच."

बाईनं मान वळवली. मागून एक वॉर्डबॉय पलंग ढकलत आत आला, सोबत पेशंटचे दोघे नातेवाईक. दार बंद झालं. मावशी कोपऱ्यात अंग चोरून उभी. चौथ्या मजल्यावर सगळे उतरले तेव्हा ती म्हणाली, "चुकले मी. तुमच्या लेकीला लहानपणापासून बघतेय. मी तरी असं बोलायला नको होतं."

"तिला तुम्ही कशा ओळखता?"

"खिडकीतून."

खालून बोलावणं आलं होतं. लिफ्ट उतरली, सहा माणसं चढली, तिसऱ्यावर दोन उतरली, पाचव्यावर चार. या चढउतारात त्या बाईनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी.

"मीही तेच म्हणत होते मनात. मार बाहेर, मार बाहेर. तुम्ही मोठ्यानं बोललात, एवढंच."

नंतर, दुसऱ्या मजल्यापाशी, "राग आला होता. अजून आहे थोडा. खोटं कशाला बोलू?"

"असू दे," मावशी म्हणाली.

"बारा वर्षांची होती तेव्हापासून पहाटे उठतेय ती. आता चार दिवस नुसती झोपलीय. मी उठवत नाही. खेळायचं तर खेळेल, नाहीतर राहिलं." मग पहिल्यांदाच तिनं मावशीकडे नीट पाहिलं. "पाय सुजलेत तुमचे. बसा या स्टुलावर दोन मजले, तोवर मी उभी राहते."

मावशी बसली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आत येणाऱ्या माणसांनी तिलाच मजले सांगायला सुरुवात केली आणि ते राहून गेलं.

निघताना तिनं विचारलं, "तिला भेटून सॉरी म्हणू का?"

"नको. तिला परत तेच आठवेल. तुम्ही बघायला येत राहा म्हणजे झालं."

पुढच्या बुधवारी काडी सरावाला आली. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आली. मावशीनं खिडकीतून पाहिलं आणि हातातला शर्ट पुरा केला.

काही चमत्कार झाला नाही. अठरा सामन्यांत दोन जिंकले, एक बरोबरीत सुटला, बाकी सगळे गेले. संघ खालच्या गटात उतरला. कोचबाईंना काढलं. मावशीनं त्यांच्या बाजूनं लिहिलेल्या पत्राला या वेळी छापील उत्तरही आलं नाही. पाच पोरींतल्या दोघींनी हॉकी सोडली, एक कारकून झाली, एक दुसऱ्या संघाच्या बाकावर जाऊन बसली. काडी राहिली. नव्या कोचनं तिला मधल्या फळीत घातलं, तिथं ती जरा बरी खेळायची. मान वर करायची तिची सवय गेली नाही. दहापैकी सहा वेळा चेंडू जायला हवा तिथं जायचा. चार वेळा मावशी ओठ घट्ट मिटून बसायची.

खालच्या गटातला पहिला सामना एक एक असा सुटला. प्रेक्षक पन्नासही नसतील. काडीची आई आता मावशीच्या शेजारी बसत असे. दोघी फार बोलायच्या नाहीत. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं, दोघींना एकाच वेळी धसका बसायचा एवढंच.

उठताना ती बाई म्हणाली, "पुढच्या रविवारी माझी ड्युटी आहे. येता येणार नाही. तुम्ही लक्ष ठेवाल तिच्याकडे?"

"ठेवते," मावशी म्हणाली. मग कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, ती बसच्या थांब्याकडे निघाली.