दोन्ही बटणं दाबली तरच

ऐंशीच्या सुमाराला मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. तिथल्या प्रेस मशीनला लांब-लांब बसवलेली दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली यायचा. त्यामुळे कामगाराचे दोन्ही हात बाहेर राहत.

मला तर्काचं वेड होतं. प्लायवूडच्या फळीवर बटणं आणि बल्ब बसवून मी लोकांचे युक्तिवाद त्यावर जोडून बघायचो. एकापुढे एक बटण म्हणजे 'आणि', दोन वेगळ्या वाटांवर एकेक म्हणजे 'किंवा'. कँटीनमध्ये चेष्टा व्हायची, मास्तर, बायको रुसली तर कुठला बल्ब लागतो?

एका सकाळी मशीनचं डावं बटण अडकू लागलं. सुपरवायझर डोक्यावर उभा होता. मी बटणाच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून दिला, म्हणजे ते कायम दाबल्यासारखंच; दुपारी बटण बदलू म्हटलं. मशीनवर जवळच्या दांडी गावचा एक कोळी होता. त्याला सांगायचं राहिलं. वाकडा पत्रा सरळ करायला त्याने डावा हात आत घातला आणि उजवं कोपर उजव्या बटणाला लागलं. चार बोटं साच्यात राहिली. तेलात मिसळलेलं रक्त माझ्या चपलेपर्यंत आलं. लोक त्याला टेम्पोत घालत होते, तेवढ्यात मी वायर काढून खिशात टाकली.

चौकशीत मी फळी टेबलावर मांडली. एक बटण दाबलं, बल्ब लागला नाही. दोन्ही दाबली, लागला. साचा खाली आला, म्हणजे दोन्ही बटणं दाबलेली होती. हात तर आत होता. म्हणजे एक बटण त्यानेच काहीतरी खुपसून दाबून ठेवलं असणार. सगळ्यांना पटलं. त्याला कामावरून काढलं.

आठवड्याने त्याचा थोरला भाऊ गेटवर आला. मला बघून शांतपणे म्हणाला, "तुमाला त्याची बोटं घावली. बटणात खुपसलेलं काय ते घावलं नाय?"

फळीवर हा प्रश्न मी कधी जोडला नव्हता. कोणीतरी फेकून दिलं असेल, म्हणालो. त्याने ठोसा मारला. माझा ओठ फाटला, दात हलला. वॉचमननी त्याला काठ्यांनी खाली पाडलं. तो पडल्यावरही मारत राहिले. गुडघ्यावर काठी बसल्याचा आवाज मी ऐकला. एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते.

मॅनेजरने विचारलं, सुरुवात कोणी केली?

तोंडावर रुमाल धरून मी सांगितलं, पहिला हात त्याने उचलला. ते खरंच होतं.