एल्मासाठी कलेजी

रेइनो लाहतीकडे त्याच्या बायकोने कधी काही मागितलं नव्हतं. घरात बूट घालून शिरू नकोस, एवढंच बेचाळीस वर्षं सांगत आली, आणि तेही या गड्याने कधी धड पाळलं नाही. त्यामुळे यंदा नोव्हेंबरात एल्मा आपण होऊन म्हणाली, "हरणाची कलेजी आणलीस तर खाईन दोन घास," तेव्हा म्हाताऱ्याने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि लगेच बंदूक पुसायला घेतली.

एल्माच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी बर्फ वितळेपर्यंतची मुदत दिली होती, तीही खाल्लं-प्यायलं तर. औषधांनी तोंड आतून सोलून निघालेलं, मांस चाववत नव्हतं, सूप पाहूनच ती मान फिरवायची. रेइनोने दुकानातून गाईची कलेजी आणून पाहिली, तर तिने वास घेऊनच बशी सारली. "याला गोठ्याचा वास येतो," म्हणाली.

मिशिगनच्या उत्तरेकडच्या या फिनिश वस्तीत शिकारीच्या पहिल्या दिवशी कलेजीच खायची, हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. पुरुषाने कलेजी आणि हृदय पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणायचं, आणि त्याची गाडी वळणावर दिसली की बाईने तव्यावर कांदा टाकायचा. बाकीचं हरीण मग आठवडाभर टांगून ठेवा नाहीतर काहीही करा.

अडचण गाडीची होती. गुडघ्याने दगा दिला, क्लच दाबवेना, म्हणून रेइनोने उन्हाळ्यात आपला जुना, मागे उघडा पिकअप ट्रक विकला होता. मुलीने, डार्लीनने, एका दिवसापुरती आपली सात सीटांची, क्लच नसलेली गाडी दिली, आणि गाडीपेक्षा मोठी सूचनांची यादी.

"बाबा, टपावर हरीण बांधायचं नाही, रंग जातो. मागे प्लास्टिक अंथरलंय. आणि पोरांच्या सीटला रक्त लागलं ना, तर हरणाशेजारी तुम्हालाच टांगीन!"

सकाळी आठ वाजता त्याने एक चांगला धष्टपुष्ट नर पाडला. वर्षाला एकाच हरणाचा मिळणारा परवाना शिंगाला बांधला, पोट फाडून आतडी काढली, कलेजी बर्फाने पुसून पिशवीत घातली. लालभडक, गुळगुळीत, एकही डाग नाही. म्हातारा तिच्याकडे बघून एकटाच हसला. मग गाडीपर्यंत हरीण ओढत न्यायला त्याला दोन तास लागले. आणि गाडीशी खरी फजिती. डोकं आत ढकललं की ढुंगण बाहेर, ढुंगण उचललं की डोकं बाहेर! चाळीस वर्षं हरणं उचललेला माणूस, शेवटी रस्त्याच्या कडेला हात हलवत उभा राहिला.

एका ट्रकमधून दोन तरुण उतरले.

"आजोबा, याला शाळेत सोडायचंय का?"

"मुलीची गाडी आहे. दात नंतर काढा, आधी उचला."

"याला सीटचा पट्टा लावू की पोरांच्या खुर्चीत बसवू?"

हसत-खिदळत त्यांनी एका दमात हरीण आत टाकलं. त्यांना जागा करून द्यायला रेइनोने हातातली पिशवी बाजूला ठेवली होती. ट्रक होता तेव्हा ती बॉनेटवर ठेवायची सवय, म्हणजे काचेतून डोळ्यांसमोर राहायची. या गाडीचं बॉनेट घसरगुंडीसारखं. पिशवी दोनदा खाली आली. म्हणून त्याने ती टपावर ठेवली. पोरांचे आभार मानले, स्टिअरिंगवर बसला आणि निघाला.

मांस गार राहावं म्हणून त्याने हीटर लावला नाही, चारी काचा खाली केल्या आणि कुडकुडत पासष्ट किलोमीटर गाडी हाकली. नाक्यावरच्या दारूच्या गुत्त्याबाहेर लोक एकमेकांची हरणं बघत उभे होते. दर वर्षी तो तिथे थांबून तासभर फुशारक्या मारायचा. आज थांबला नाही. कलेजी ताजी पोचवायची होती ना!

एल्मा खिडकीत उभी होती. तीन आठवड्यांत ती अशी उभी राहिली नव्हती. गाऊनवर अ‍ॅप्रन बांधलेला, आणि कांद्याचा वास पार अंगणात आलेला.

"कुठाय?" तिने दारातून विचारलं.

रेइनोने टपावर हात नेला. हात रिकामाच फिरला. मागच्या काचेवर रक्ताचा एक ओघळ वाळलेला होता. त्याला सगळं कळलं, तरी त्याने सीटखाली पाहिलं, हरणाखाली पाहिलं, स्वतःचे खिसेसुद्धा चाचपले.

"टपावर राहिली गं," तो म्हणाला. "आत्ता परत जातो."

"पासष्ट किलोमीटर? आणि कावळे तुझ्यासाठी ठेवून देणार? हृदयही त्यातच होतं?"

"त्यातच."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने आत जाऊन गॅस बंद केला, शाल घेतली आणि कठड्याला धरत पायऱ्या उतरून गाडीपाशी आली.

"मोठा आहे रे," हरणाच्या कानाला हात लावत ती म्हणाली. "पण याला आता उतरवणार कोण?"

वस्तीतले झाडून सगळे पुरुष जंगलात होते. रेइनोने मागचे पाय धरून ओढलं. हरीण हललं नाही. पुन्हा ओढलं. एल्मानेही एका पायाला हात घातला, आणि हरणाच्या पायाहून बारीक झालेलं तिचं मनगट त्याच्याच्याने बघवेना.

"सोड," तो ओरडला. "सोड म्हणतो ना!"

मग तो गाडीच्या मागच्या उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "एक गोष्ट मागितलीस. एक. तेवढंही मला जमलं नाही."

एल्मा त्याच्याशेजारी टेकली. दोघांच्या पाठीमागे ते हरीण पडलेलं.

"परवाना एकच मिळतो ना?" तिने विचारलं.

"एकच."

"मग पुढच्या वर्षी आण," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

रेइनोने बाहीने नाक पुसलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"हो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी नक्की."