मांडी हलली तर मार्क कटतो

आमच्या महिला भजन मंडळाची सतरंजी झटकली की काय काय पडतं! सुपारीचे तुकडे, केसांच्या पिना, कुणाच्या तरी गुडघेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि एखादा किस्सा. किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही. दर गुरुवारी दवनीवाड्याच्या मंदिरात बसतो, गातो, उठतो आणि मागे काहीतरी राहून जातं. मी पेटी वाजवते, म्हणजे सगळ्यांच्या मागे बसते. त्यामुळे मला जरा जास्तच दिसतं.

मंडळाच्या अध्यक्ष सुशीलाताई. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही! भजन सुरू करायचं तर शिट्टी, थांबायचं तर शिट्टी. खंजिरीवर द्रौपदा. दिवसभर बिड्या वळते, त्यामुळे बोटं अशी चालतात की बघत राहावं. आणि मुख्य गायिका भागरताबाई. सत्तरी ओलांडलेली, अंगावर कायम फिकट लुगडं. सूर इतका नेमका की माझी पेटीच लाजते. पण गाताना चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. हे सगळे किस्से खरं तर त्यांचेच आहेत.

* * *

गोंदियाला भजन स्पर्धा होती. सुशीलाताईंनी महिनाभर आधीपासून बजावून ठेवलं होतं, "बैठकीला वेगळे गुण असतात. मांडी हलली तर मार्क कटतो!"

दुसऱ्या कडव्याला एक मुंगळा भागरताबाईंच्या पायावर चढला. मला मागून स्पष्ट दिसत होता. घोट्याला कडकडून चावला. बाई गात राहिल्या. सूर नाही, मांडी नाही, काहीच हललं नाही. परीक्षकांनी माईकवरून कौतुक केलं, "काय ही एकाग्रता!" आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

येताना काळीपिवळीत सगळ्या नुसत्या हसत होत्या. भागरताबाई सुजलेला पाय चोळत बसल्या होत्या. सुशीलाताईंनी पाठ थोपटली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मांडी नाही हलली मॅडम. पण देवही नाही हलला ना!"



* * *

स्पर्धांची सवय अशी लागली की सडक अर्जुनीकडच्या एका गावात तेरवीला भजन होतं, तिथेही ती गेली नाही. मांडवात सगळे खाली बसलेले. खुर्ची एकच, आणि त्या खुर्चीवर हार घातलेला फोटो. गेलेल्या आजोबांचा.

सुशीलाताई उठल्या, खुर्चीकडे वळल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सन्माननीय परीक्षक महोदय!"

मला वाटलं, आता जमीन फाटली तर पेटीसकट आत जाईन. तेवढ्यात कोपऱ्यातून त्या आजोबांची म्हातारी बायको बोलली, "गावा, गावा! जिंदगीभर त्याईनं मले एक मार्क नाही देल्ला. तुमाले देते का पायते!"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, अंग हलवत हसली. मग सगळा मांडव हसला. हसता हसता तिला रडू कोसळलं आणि मग कुणाचेच डोळे कोरडे राहिले नाहीत. इतकं मोकळं रडणं मी फार दिवसांनी पाहिलं.

परत येताना भागरताबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "शोभे, माहा माणूस गेला तवा मी रडली तं रडली, पन पदर सांभाळूनच रडली. असं नाही जमलं मले."

* * *

एकदा नव्या साड्या घ्यायला गोंदियाच्या मार्केटमध्ये गेलो. सुशीलाताई भाव करण्यात गुंतल्या होत्या. भागरताबाईंनी एक भडक गुलाबी साडी हळूच उचलली, गालाला लावली.

दुकानदार म्हणाला, "बहू के लिए ले रहे हो, अम्मा? बहुत अच्छा रंग है."

"हो," असं म्हणून त्यांनी साडी घडी घालून ठेवून दिली.

भागरताबाईंना सून नाही. एकच मुलगी, ती नागपूरला.

* * *

श्रावणात आम्ही दोघी मंदिराच्या पायरीवर वाती वळत होतो. समोर तलाव. भागरताबाईंचं माहेर आणि सासर एकाच गावात. लग्न झालं आणि फक्त तलावाची बाजू बदलली.

"तो गोटा दिसते का?" त्यांनी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मोठ्या दगडाकडे बोट केलं. "कान्होबाच्या दिवशी मी तिथून उडी मारत होती. त्याचं नाव घेऊन, अशी बोंबलत! कमळाचं फूल दातात धरून आनाचं आन् त्याच्या डोक्शावर ठेवाचं. कोनी सांगतलं नोतं. मलेच वाटे."

आमच्याकडे जन्माष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला तलावात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. लग्न झाल्यावरही पहिल्याच वर्षी भागरताबाई सवयीने दगडाकडे धावल्या. सासूने मधेच दंड धरला, "सून का तरावात उडी मारते?" तेव्हापासून फूल विकत यायला लागलं. उपास वाढले, पारायणं वाढली, सोवळं वाढलं. एकही नेम कधी चुकला नाही.

"सारं केलं मी, शोभे," वात तशीच हातात धरून त्या म्हणाल्या. "पन आता भेव लागून राहिलं. तो मले लहानपनची ओळखते. ह्या बुढीले कुठी ओळखते? वर गेली आन् त्यानं 'कोन वं तू?' म्हनलं तं?"

मी त्यांच्या हातातली वात घेतली आणि वळून ठेवली.

* * *

ही गोष्ट मी सुशीलाताईंना सांगितली. त्यांनी फार मनावर घेतली. कुठलीही अडचण शिकवून सोडवता येते असा त्यांचा विश्वास! पुढच्या गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, "आज शेवटची दहा मिनिटं सर्वांनी मनमोकळेपणाने आनंद व्यक्त करायचा आहे. हात वर! तयार?"

आणि शिट्टी फुंकली.

आम्ही सगळ्यांनी कवायतीसारखे हात वर केले. द्रौपदाने खंजिरी वाजवली. कुणी गिरकी घेतली, ती खांबाला धडकली. भागरताबाई हात वर करून डोळे मिटून उभ्या होत्या. मग हात खाली घेतले.

"मॅडम, शिट्टी कायले वाजवता? येत असन तरी भिऊन परत जाईन ना तो!"

सगळ्या हसल्या. सुशीलाताईसुद्धा हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनाही काहीतरी लागलं.

* * *

आणि यंदाचा कान्होबा.

दुपारची वेळ, तलाव काठोकाठ भरलेला, मोठ्या दगडापलीकडे कमळं. भागरताबाईंनी आपला कान्होबा पाटावर ठेवून डोक्यावरून आणला. आमची पद्धत ठरलेली आहे. बायकांनी पायरीवर आरती करायची आणि मागे व्हायचं, पाण्यात पोरं उतरतात. भागरताबाईंनी पाट शेवटच्या पायरीवर ठेवला. आरती झाली. सुशीलाताईंनी शिट्टी वाजवली, "ओळीत मागे फिरा!"

सगळ्या फिरल्या. भागरताबाई पाळीवर चढू लागल्या. चपला मंदिराशीच काढलेल्या होत्या. मी बघितलं. द्रौपदानेही बघितलं, पण खंजिरी थांबवली नाही. उलट बोटं आणखी जोरात चालायला लागली.

दगडावर पोचल्या, तेव्हा सुशीलाताईंच्या लक्षात आलं. त्या ओरडल्या, "भागरताबाई! अहो, वय काय तुमचं?"

"आठ वर्सं!" वरून उत्तर आलं.

लुगडं खोचलं, देवाचं नाव घेऊन अशी आरोळी ठोकली की पलीकडचे बगळे उडाले. आणि उडी!

पाणी उसळलं आणि मग शांत झालं. द्रौपदाची बोटं थांबली. दोन पोरं पाण्यात धावली. मी काय काय कबूल केलं देवाला, आता आठवत नाही. नुसतं पाणी दिसत होतं.

मग कमळाच्या पानांत एक पांढरं डोकं वर आलं. सगळे केस मोकळे, दातांत फूल. हात मारत मारत बाई पायरीपाशी आल्या. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून त्यांनी फूल कान्होबाच्या डोक्यावर ठेवलं. धाप लागली होती आणि त्या हसत होत्या. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"आता ओळखलं का रे मले?" त्यांनी विचारलं.

पायरीवर कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे सुशीलाताईंकडे. आता बोलणी बसणार!

सुशीलाताईंनी गळ्यातली शिट्टी काढली, डोळ्यांवरचा चष्मा काढला, दोन्ही माझ्या हातात दिले आणि पाळीकडे चालायला लागल्या.