अपडेट अर्ध्यावर असताना

माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, चार्जर लावला तरच तो चालायचा. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सरांनी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं. त्या रविवारी सकाळी मी सिस्टीमचं मोठं अपडेट सुरू केलं आणि भाकऱ्या करायला बसले. थोड्या वेळाने पंखा थांबला. नवऱ्याने मेन स्विच पाडला होता, पडवीतला जळका बोर्ड बदलायला. तो वायरिंगचीच कामं करतो.

लाइट आल्यावर लॅपटॉप चालू केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या. चार वेळा बंद-चालू केला, तरी तेच. मी नवऱ्याला नको ते बोलले. एवढी वर्षं वायरी ओढता, घरात काय चालू आहे ते बघता येत नाही का, असंही. तो हातातला टेस्टर खिशात घालून परत पडवीत गेला.

शाळेत आहार शिजवणाऱ्या मावशींनी आपल्या घरच्या बोलीत सांगितलेल्या गोष्टी मी दोन वर्षं रेकॉर्ड करत होते. माझ्या पहिलीच्या वर्गातल्या पोरांना पुस्तकातली भाषा अडते, मावशींची अडत नसे. मावशी उन्हाळ्यात वारल्या. आणि त्या गोष्टी फक्त या लॅपटॉपवर होत्या.

दुपारी आम्ही मोटारसायकलने मुरबाडला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने दोन मिनिटांत सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. मी लॅपटॉप त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. सरांना फोन केला, ते शहापूरला घरीच होते. म्हणाले, कशालाही हात लावू नका, घेऊन या.

वाटेत मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी उचलून धरायचे. जेवायलाही आम्ही थांबलो नाही.

सरांनी एक पेनड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला. सिस्टीम अर्धवट बसली आहे, फायलींना बहुधा धक्का नाही, पण आधी त्या बाहेर काढू, म्हणाले. कॉपी सुरू झाली. मी उठत होते, खिडकीशी जात होते, परत येऊन पडद्यावरचा आकडा बघत होते.

"बंद करण्याआधी विचारलं नव्हतं का?" सरांनी सहज नवऱ्याला विचारलं.

"इचारायला पायजे होता," तो खाली बघत म्हणाला. "माजीच चूक."

तेव्हा मला आठवलं. तव्यावर भाकरी होती, पडवीतून त्याचा आवाज आला होता, मेन पाडू काय गो? आणि मी वळून न बघता हं म्हटलं होतं. सकाळपासून ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. त्याच्या डोक्यातून गेलं नसणार.

"त्यांनी विचारलं होतं, सर," मी म्हणाले. "मीच हो म्हटलं. माझं लक्ष नव्हतं."

सरांनी मान हलवली आणि पडद्याकडे वळले. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटत होतं त्याने निदान एकदा रागवावं.

कॉपी झाल्यावर सरांनी अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं करायच्या दोन-तीन आज्ञा टाईप केल्या. ओळी भराभर सरकू लागल्या. मध्ये एकदा थांबल्या, परत सुटल्या. मग पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं आणि माझा नेहमीचा पडदा आला.

मला तरी चैन पडेना. तिथेच बसून एकेक फाईल उघडून बघायला लागले. सरांनी चहा आणला, तो निवला. मावशी कोल्ह्याची गोष्ट सांगत होत्या, मागे कुकरच्या शिट्ट्या. नवरा खुर्ची ओढून शेजारी आला.

"ही लावून ठेव," तो म्हणाला. "मी आयकली नाय ही."